दारातली जुनी मोटार : ठेवावी की काढावी?

बैल थकला की तो आपणहून सांगतो. तासात बसतो, वैरण पुढे तशीच टाकून देतो, जू मानेवर येताना मान चुकवतो. यंदाच्या पेरणीनंतर याला विसावा द्यावा लागणार, हे घरातल्या लहान पोरालाही कळते. मोटारगाडीचे तसे नाही. ती सकाळी चालू होते, दुपारी चालू होते आणि वऱ्हाड निघायच्या वेळी नेमकी अंगणात रुसून बसते. मग चार माणसे ढकलायला लागतात आणि ढकलता ढकलता चौघांची चार मते पडतात. थोरला म्हणतो, इंजिन अजून घोड्यासारखे आहे. धाकटा म्हणतो, भंगारात घाला एकदाची. मिस्त्री म्हणतो, दहा हजार द्या, करून देतो. आणि घरची लक्ष्मी काहीच म्हणत नाही, कारण मागच्या दहा हजारांचा हिशेब तिला अजून कोणी दिलेला नसतो.

हा प्रश्न आता घरोघरचा झाला आहे. एके काळी गावात मोटार म्हणजे कारखान्याच्या चेअरमनची नाही तर एखाद्या बड्या बागायतदाराची जीप. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली, तेव्हा तिची किंमत साडेसत्तेचाळीस हजारांच्या घरात होती. ती खेड्यात पोहोचायला आणखी काही वर्षे लागली. १९९४ मध्ये पुण्याची टाटा सुमो आली, २००० मध्ये बोलेरो आली आणि मग द्राक्षाच्या, उसाच्या, डाळिंबाच्या पैशांतून गावोगावी गाड्या उभ्या राहिल्या. आता त्यांची वये मोजून पाहा. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, सुमोचे २०१९ मध्ये. आपल्या पडवीत उभी असलेली गाडी पंधरा, वीस, काही ठिकाणी पंचवीस वर्षांची झाली आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. पंधरा वर्षे झाली की गाडी सरकार उचलून नेते, असे पारावर छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली, ती दिल्ली व तिच्या आसपासच्या राजधानी परिसरापुरती. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि गाडी तपासणीत उतरली, तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मात्र वाढवून मिळते म्हणजे फुकट मिळते असे नव्हे. त्याचा खर्च पुढे येईलच.

वहीशिवाय निर्णय नको

दुभत्या म्हशीचा हिशेब आपण काटेकोर ठेवतो. पेंड किती, सरकी किती, दूध किती, डेअरीचा फॅट किती. गाडीचा मात्र कोणी ठेवत नाही. तेव्हा आजच एक शंभरपानी वही घ्या. एका बाजूला तारीख, किलोमीटर आणि पेट्रोल. दुसऱ्या बाजूला मिस्त्रीला दिलेला प्रत्येक रुपया. वही घरातल्या बाईच्या हाती द्या. ती खोटे लिहिणार नाही आणि विसरणार तर मुळीच नाही.

आता एक हिशेब मांडू. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा नवी गाडी आठ लाखांची आहे. पदरचे दोन लाख घातले आणि सहा लाख कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता साधारण ९,८०० रुपये बसतो. म्हणजे वर्षाला एक लाख साडेसतरा हजार. सात वर्षांत बँकेला सव्वाआठ लाखांच्या आसपास परत जातात आणि त्यातले सव्वादोन लाख निव्वळ व्याजाचे. त्यावर नव्या गाडीचा पूर्ण विमा. शिवाय गाडी दुकानातून बाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते, तो घसारा वेगळाच.

दुसरीकडे जुनी गाडी वर्षाला पस्तीस हजारांचे काम काढते असे धरा. ऐकायला मोठे वाटते, पण ते नव्या गाडीच्या चार हप्त्यांनाही पुरत नाही. “जुनी गाडी पेट्रोल फार पिते” ही तक्रारही तपासून घ्या. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणे असेल, जुनी सोळाचे आणि नवी वीसचे अॅव्हरेज देत असेल, तर फरक पंचाहत्तर लिटरचा. लिटरला १०५ रुपये धरले तरी आठ हजारांच्या आतला. आठ हजार वाचवण्यासाठी सव्वा लाखाचा हप्ता डोक्यावर घेणे शहाणपणाचे नाही. पण तुमचे फिरणे वर्षाला पंचवीस हजार किलोमीटरचे असेल, तर हाच फरक तेहतीस हजारांच्या जवळ जातो आणि गणित पालटते. म्हणून आधी गाडी किती फिरते ते वहीत पाहा, मग बोला.

आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या नोकरदाराला सांगावी लागत नाही. त्याचा पगार महिन्याला येतो, हप्ताही महिन्याला जातो. आपले उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, डाळिंबाचे वर्षातून एकदा आणि कांद्याचे कधी येते तर कधी येतच नाही. तरीही बँकेचा हप्ता पाच तारखेला दारात उभा. सोसायटीचे नवे-जुने करून आधीच जीव मेटाकुटीला आलेल्या घराने गाडीसाठी आणखी एक मासिक हप्ता गळ्यात बांधून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्ज घ्यायचेच असेल, तर काही बँका शेतकऱ्यांना सहामाही हप्ते बांधून देतात. सही करण्यापूर्वी ते विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि गाड्या स्वस्त झाल्या हे खरे आहे, पण त्यामुळे व्याज स्वस्त झालेले नाही.

गाडी कुठे मरते?

पुष्कळांची समजूत अशी, की इंजिन गेले म्हणजे गाडी गेली. प्रत्यक्षात इंजिन हा गाडीचा दुरुस्त होणारा भाग आहे. खेड्यातली गाडी मरते ती पत्र्याने.

त्याचे कारण आपल्या वापरात आहे. गाडी गोठ्याशेजारी उभी असते. जनावरांच्या मुताची उग्र वाफ तारांच्या तांब्या-पितळेच्या जोडांना खाते. मागच्या डिकीत युरियाचे आणि पोटॅशचे पोते नेहमी येते-जाते. पोतेही कुठेतरी फाटलेले असतेच आणि मूठभर खत मॅटखाली सांडते. पोटॅश म्हणजे एक प्रकारचे मीठच. ते हवेतले पाणी ओढते आणि पावसाळाभर खालचा पत्रा खात राहते. वर गाडी धुऊन-पुसून लखलखीत असते, हार-फुले असतात, आणि खाली चाळण झालेली असते.

म्हणून इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वी मॅट उचला. डिकी रिकामी करून खालचा पत्रा पाहा. गाडी खड्ड्यावर घेऊन खालून दाराखालची पट्टी, जॅक लावायची जागा आणि स्प्रिंग बसतात तो भाग जाड पेचकसाने दाबून पाहा. वरवरचा तांबडा गंज ब्रशाने निघतो; त्यावर रंग मारला की भागते. पेचकस आत गेला, तर मात्र गोष्ट वेगळी. इथे एक फरक लक्षात ठेवा. जीप, सुमो, बोलेरो यांना खाली जाड लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर बॉडी ठेवलेली असते. बॉडी सडली तरी चौकट धड असेल तर पत्रा बदलता येतो. मारुती ८०० सारख्या लहान गाडीला वेगळी चौकटच नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. तो सडला म्हणजे हाडे सडली. वरून पट्टी वेल्डिंग करून रंग दिला की गाडी दिसायला उभी राहते, पण धडक बसली तर कागदी खोक्यासारखी चेपते.

इंजिनाची परीक्षा धुराने करता येते. निळा धूर येत असेल तर ऑईल जळते आहे. काळा येत असेल तर इंधन जास्त जाते आहे, आणि हे दुखणे बहुधा स्वस्तात बरे होते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरमधले पाणी वरचेवर कमी होत असेल, तर हेड गास्केटचा संशय घ्या. इथेही आपली एक सवय नडते. पाणी संपले की बोअरचे पाणी भरायचे! त्या क्षाराचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तसाच बसतो जसा चुलीवरच्या हंड्यात बसतो. त्यात कूलंटच घाला. दोन वेळच्या चहाच्या खर्चात इंजिनाचे आयुष्य वाढते.

तारांकडे खास लक्ष द्या. कडबा आणि धान्य जवळ असले की उंदीर बॉनेटखाली घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. त्याला चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेणारे मिस्त्री आहेत. अशा पट्ट्यांनीच गाड्या पेटतात. वायरिंगचा तेवढा भाग नवा टाका.

टायरवर नक्षी शिल्लक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असतील, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कमी फिरणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण उन्हाने तडकतो. तसल्या टायरवर बाजाराला जाणे वेगळे आणि समृद्धी महामार्गावर तासाला शंभरच्या वर पळवणे वेगळे. ब्रेकच्या तेलाचेही तसेच. ते हवेतले पाणी शोषते. सपाटीवर काही जाणवत नाही. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक तापले की ते उकळते आणि पायाखालचे पॅडल खाली जाते. दर दोन वर्षांनी ते बदलून घ्या.

ऊसवाल्या वाचकांना एक वेगळी गंमत सांगतो. आपल्याच उसापासून निघालेले इथेनॉल आता आपल्याच टाकीत परत येते. २०२५ मध्ये पेट्रोलमधले त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. कारखान्याला त्याचा पैसा मिळतो ही चांगलीच गोष्ट, पण जुन्या गाडीची नळी आणि वायसर त्यासाठी बनलेले नव्हते. अॅव्हरेजही थोडे उतरते. जुन्या धाटणीच्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. तेव्हा पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि त्यांची जोडणी एकदा बदलून घ्या. अर्ध्या टाकीवर गाडी चार-चार महिने उभी ठेवू नका, कारण इथेनॉल पाणी ओढते.

सुटे भाग मिळतात का, हे तालुक्याच्या दुकानात आधीच विचारा. मारुतीचे आणि बोलेरोचे कुठेही मिळतात. शेवरोलेने आपल्या देशातली विक्री २०१७ मध्ये थांबवली, फोर्डने इथले उत्पादन २०२१ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले. अशा गाड्या चालतात झकास, पण एका भागासाठी पंधरा दिवस पुण्याकडे डोळे लावून बसावे लागते. हंगामात ते परवडत नाही.

एका घरची गोष्ट

सांगोला तालुक्यातल्या ओळखीच्या एका घराचे उदाहरण सांगतो. दोघे भाऊ, डाळिंबाची बाग, दारात नोव्हेंबर २००५ ची मारुती ८००. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, ती रोख पैसे मोजून घेतलेली. वस्तीवरची ती पहिली मोटार. २०२० मध्ये तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती, ती २०२५ च्या दिवाळीनंतर संपत होती. धाकट्याने नव्या गाडीचे कागद आणून ठेवले. थोरल्याचा विरोध होता, कारण बागेवर तेल्याने आधीच घाला घातला होता. तात्या दोघांशीही बोलेनात.

या घरात एक गोष्ट इतर घरांपेक्षा वेगळी होती. आईचे डायलिसिस चालू होते. आठवड्यातून दोनदा तिला पंढरपूरला न्यावे लागे. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या आत-बाहेर. बाजारच्या दिवशी गाडी बंद पडली तर एसटी आहे, शेजाऱ्याची मोटारसायकल आहे. डायलिसिसची पाळी चुकवता येत नाही. म्हणजे त्यांचा प्रश्न “खर्च किती” हा नव्हताच, “सकाळी सहा वाजता नक्की चालू होईल का” हा होता.

थोरल्या सूनबाईंनी दोन वर्षांची वही पुढे ठेवली. खर्च पाहून दोघे भाऊ चकित झाले, कारण तो वर्षाला तीस हजारांवर गेलाच नव्हता. थोरला जिंकला असे वाटले. पण त्याच वहीत बाईंनी आणखी एक रकाना पाडला होता : गाडी किती वेळा दगा देऊन गेली. दोन वर्षांत अकरा वेळा. त्यांतल्या तीन खेपा डायलिसिसच्या दिवशी, आणि त्यातली एक रात्री परतताना, भर पावसात, आई मागच्या सीटवर झोपलेली असताना.

तरीही तात्यांच्या शब्दाखातर गाडी आधी नीट तपासायचे ठरले. तालुक्याच्या मिस्त्रीने ती जॅकवर घेतली आणि जॅकच पत्र्यातून वर आला. दाराखालची पट्टी आतून पूर्ण पोकळ झाली होती. वीस वर्षे डाळिंबाचे क्रेट आणि खताची पोती वाहून नेल्याचा तो परिणाम. इंजिन मात्र खरोखरच उत्तम होते. तात्यांनी स्वतः वाकून पत्र्याला बोट लावून पाहिले, हातात आलेला चुरा झटकला आणि म्हणाले, “हिच्यात आता तुमच्या आईला बसवायचं नाही.” एवढेच.

त्यांनी नवी गाडीही घेतली नाही. चार वर्षे वापरलेली, एकाच मालकाची, दोन एअरबॅग असलेली लहान गाडी घेतली. बागेच्या पैशातून बहुतेक रक्कम भागली आणि उरलेले मेव्हण्याकडून बिनव्याजी घेतले. मला हा मधला मार्ग खेड्यातल्या बहुतेक घरांना सोयीचा वाटतो. पहिल्या तीन-चार वर्षांचा मोठा घसारा दुसऱ्याच्या खिशातून गेलेला असतो. शिवाय एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना चाके न घसरता थांबवणारे ब्रेक आणि जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. जुन्या ८०० मध्ये पट्ट्याखेरीज काही नाही आणि तो पट्टाही आपण सीटखाली दाबून ठेवतो.

याच घरात आजारी माणूस नसते आणि पत्रा धड असता, तर मी त्यांना गाडी ठेवा असेच सांगितले असते.

ठेवायची ठरली तर, काढायची ठरली तर

ठेवायची असेल तर कागद वेळेवर करा. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारगाडीची ही फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. उशीर केला तर महिन्याला पाचशे रुपये जादा. पर्यावरण कर वेगळा. २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर पाटीही बसवावी लागते. पाच वर्षांवर वाटून पाहिले तर हा खर्च असह्य नाही, पण वहीत तो धरायला हवा.

विमा मात्र एक दिवसही तुटू देऊ नका. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे एक हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये आणि वर जीएसटी इतकाच होता. एवढ्यासाठी जमीन धोक्यात घालणारे लोक आहेत. बिनविम्याच्या गाडीखाली कोणी सापडले तर भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते.

विकायची असेल तर इथे जास्त सावध राहा. आपल्याकडे गाडी पाव्हण्याला दिली, पैसे घेतले, फॉर्मवर कोऱ्या सह्या केल्या, की झाला व्यवहार. पाव्हणा ती आणखी कोणाला देतो, तो आणखी कोणाला. नाव मात्र तुमचेच राहते. अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरच. मधल्या मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. फॉर्म २९ व ३० भरून नाव बदललेले डोळ्यांनी पाहा, तोवर चावी देऊ नका.

आणि मोडीत घालायची असेल तर गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला घालू नका. तो चार पैसे जास्त देईलही, पण तुमच्या गाडीचा नंबर आणि चासी क्रमांक पुढे कोणत्या गाडीला चिकटेल याचा भरवसा नाही. २०२१ च्या धोरणानंतर सरकारमान्य मोडीत केंद्रे निघाली आहेत. तिथे गाडी दिली की जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. नवी खासगी गाडी घेताना त्यावर मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने केली आहे. आपल्या राज्यात प्रत्यक्षात किती मिळते ते परिवहन कार्यालयात विचारून घ्या. नवी गाडी घ्यायची नसेल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येते. गाडी नेण्यापूर्वी कर्जाचा जुना बोजा पुस्तकावर राहिला नाही ना, चलने भरलेली आहेत ना, हे पाहा. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती आला की तो सातबाऱ्याच्या फायलीतच लावून ठेवा.